हिसक्यांचा हिशेब

भाकऱ्या थापून झाल्या की मनगटावरच्या स्मार्टवॉचमध्ये पावलं वाढलेली दिसतात. थापणारी तर परातीसमोरून हललेलीही नसते. उलट भाजीची हातगाडी ढकलत तासभर गल्ल्या पालथ्या घालणाऱ्याच्या मनगटावर तेच घड्याळ बांधलं, तर त्याची कितीतरी पावलं नोंदवायचीच राहून जातात. यंत्र बिघडलेलं नाही. दोन्ही वेळा त्याने आपलं काम चोख केलं आहे. मनगटाला बसणारे हिसके मोजणं एवढंच त्याला येतं. पावलं, कॅलरी, ‘सक्रिय मिनिटं’ हे सगळे त्या हिसक्यांवरून बांधलेले अंदाज आहेत. एका अंदाजावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशी ती उतरंड आहे आणि वरचं मडकं खालच्यापेक्षा जास्त डुगडुगतं. तरीही याच ओबडधोबड हिसक्यांनी गेल्या वीसेक वर्षांत हालचाल आणि आयुष्यमान यांच्या नात्याबद्दलची वैद्यकाची समज बदलून टाकली आहे. अंदाज इतका कच्चा असताना हे घडलं कसं, आणि त्यातलं आपल्याकडच्या माणसांना लागू किती, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

एस.टी.चा ब्रेक आणि सिलिकॉनचा ठोकळा

एस.टी.ने करकचून ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडी सुटली की मागे रेलतात. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर गाडी एकाच वेगाने चालली असेल आणि डोळे मिटलेले असतील, तर ती ताशी 40 किलोमीटरने चालली आहे की 60 ने, हे शरीराला सांगता येत नाही. शरीराला कळतो तो वेगातला बदल. या बदलाला त्वरण म्हणतात आणि ते मोजणाऱ्या यंत्राला अ‍ॅक्सेलरोमीटर. घड्याळातला अ‍ॅक्सेलरोमीटर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. त्याच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा तितक्याच नाजूक स्प्रिंगांवर तोललेला असतो. ठोकळ्याला कंगव्यासारखे दाते असतात, समोरच्या स्थिर भिंतीलाही दाते असतात, आणि दोन्ही कंगवे एकमेकांत घुसलेले पण एकमेकांना न टेकलेले असतात. मनगट हललं की ठोकळा त्या उभ्या प्रवाशासारखा मागे राहतो, दात्यांमधलं अंतर केसाच्याही कितीतरी कमी मापाने बदलतं, आणि त्याबरोबर त्या दात्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. हा बदल म्हणजेच हिसक्याचं माप. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे अशा तिन्ही दिशांनी ते घेतलं जातं. पृथ्वीही त्या ठोकळ्याला सतत ओढत असते, त्यामुळे हात टेबलावर निवांत पडलेला असतानाही आकडा शून्य नसतो. उलट त्यावरूनच हात कोणत्या बाजूला कलला आहे ते कळतं.

ब्रिटनमधल्या ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पात 2013 ते 2015 दरम्यान एक लाखाच्या वर लोकांनी आठवडाभर असं यंत्र मनगटावर बांधलं. सेकंदाला 100 वेळा, तिन्ही दिशांनी नोंद होत होती. म्हणजे एका माणसाच्या एका आठवड्याचे सुमारे 18 कोटी आकडे. त्या 18 कोटींत ‘चालणं’, ‘झाडणं’, ‘जिना चढणं’ असं काही लिहिलेलं नसतं. ते शोधून काढावं लागतं.

आकड्यांच्या ढिगातून पाऊल

चालण्याला ताल असतो. टाच टेकते, शरीराला छोटा धक्का बसतो, पुन्हा उचल, पुन्हा धक्का. साधारण चालीत सेकंदाला दोनच्या आसपास. हिसक्यांचा आलेख काढला तर तो एकसारख्या उंचवट्यांच्या रांगेसारखा दिसतो, आणि यंत्रातलं गणित हे उंचवटे मोजतं. उगाच हात झटकला तर पाऊल धरलं जाऊ नये म्हणून बरीच यंत्रं सलग काही उंचवटे दिसेपर्यंत थांबतात आणि मग मोजायला लागतात. आता सुरुवातीचं कोडं सुटतं. भाकरी थापणाऱ्या हातालाही ठेका असतो आणि तो चालण्याच्या ठेक्याच्या जवळचा असतो. गणिताला तो चालण्यासारखाच दिसतो. हातगाडीच्या दांडीवर घट्ट रोवलेलं मनगट मात्र पावलागणिक झुलत नाही, म्हणून पाय कितीही चालले तरी आलेखात उंचवटे उठत नाहीत. सायकल चालवणाऱ्याचंही तेच. पाय ओढत, सावकाश, काठी टेकत चालणाऱ्या वृद्धांचे धक्के इतके हलके असतात की ते उंबरठ्याखालीच राहतात. ज्यांच्यासाठी दर दिवशीची हजार पावलंही मोलाची, त्यांचीच पावलं यंत्र सगळ्यात जास्त हुकवतं, ही या मोजणीतली मला सर्वांत खटकणारी उणीव वाटते.

यंत्र कंबरेला बांधलं तर थापण्याचा गोंधळ टळतो, पण मग हाताचं सगळं काम अदृश्य होतं. मांडीला चिकटवलं तर बसणं आणि उभं राहणं यातला फरक स्वच्छ कळतो. संशोधक प्रश्न पाहून जागा ठरवतात. बाजारातलं घड्याळ मनगटावर आलं ते मनगट ही मोजायला उत्तम जागा आहे म्हणून नव्हे, तर माणसं तिथे काही बांधून घ्यायला आधीच तयार असतात म्हणून.

पावलापासून कॅलरीपर्यंत

इथून पुढचा अंदाज जास्त नाजूक आहे. शरीर किती ऊर्जा खर्च करतं हे खरोखर मोजायचं तर श्वासातून किती ऑक्सिजन घेतला गेला ते पाहावं लागतं. शांत बसलेला माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो असं धरतात. या मापाला ‘मेट’ म्हणतात. तीन मेटच्या पुढे मध्यम श्रम, सहाच्या पुढे जोरकस. आता प्रयोगशाळेत माणसाच्या तोंडाला मुखवटा लावायचा, कंबरेला यंत्र बांधायचं, ट्रेडमिलवर वेगवेगळ्या वेगाने चालवायचं आणि कोणत्या हिसक्यांना किती ऑक्सिजन लागतो याचं कोष्टक करायचं. अमेरिकेत 1998 मध्ये पॅटी फ्रीडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 तरुण स्त्री-पुरुषांवर असं कोष्टक बसवलं. मिनिटाला 1952 ‘काउंट’ म्हणजे मध्यम श्रमाची सुरुवात, हा त्यातला आकडा पुढे कितीतरी अभ्यासांत वापरला गेला. काउंट म्हणजे त्या यंत्राने हिसक्यांची केलेली बेरीज. पण तरुणांच्या अंगावर बेतलेलं हे माप सत्तरीच्या आजींना लावलं की त्यांना दम लागेपर्यंत केलेलं चालणंही ‘हलकं’ ठरतं. वेगळ्या गटाने बसवलेली उंबरठ्याची रेषा वापरली तर त्याच माणसाच्या त्याच आठवड्यातली ‘सक्रिय मिनिटं’ कितीतरी पटींनी बदलू शकतात. माणूस तोच, हिसके तेच. बदलला तो शिंपी.

घड्याळं यात हृदयाच्या ठोक्यांची भर घालतात. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो, रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. ही युक्ती चांगली चालते. पण ठोके श्रमानेच वाढतात असं नाही. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हाने, तापाने, धास्तीने, कडक चहानेही वाढतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 मध्ये सात मनगटी यंत्रं 60 स्वयंसेवकांवर ताडून पाहिली गेली. सातपैकी सहा यंत्रांनी ठोके पाच टक्क्यांच्या फरकात बरोबर दाखवले. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगलं यंत्रही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. ‘आज 400 कॅलरी जाळल्या, म्हणून दोन लाडू जास्त’ हा हिशेब म्हणूनच धोक्याचा आहे.

> चौकट : कोणत्या अंकावर किती विसंबावं?
> विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके : बऱ्यापैकी.
> नेहमीच्या चालीने चालणाऱ्याची पावलं : दिवसभराच्या गोळाबेरजेत चांगली; हातात ओझं, गाडी किंवा काठी असेल तर कमी.
> ‘सक्रिय मिनिटं’ : आपल्याच मागच्या महिन्याशी तुलना करायला ठीक, दुसऱ्या कंपनीचं घड्याळ बांधलेल्या शेजाऱ्याशी तुलना करायला निरुपयोगी.
> कॅलरी : जेवणाचा निर्णय यावर घेऊ नये.

चिठ्ठ्या बदललेले डबे

यंत्र इतकं चुकत असेल तर संशोधक ते वापरतात तरी कशाला? कारण त्याआधीचं साधन याहून कमकुवत होतं. ते साधन म्हणजे प्रश्नावली: गेल्या आठवड्यात तुम्ही किती मिनिटं भरभर चाललात? ठरवून मैदानावर केलेला तासभराचा व्यायाम माणसाला आठवतो. पाणी भरणं, पोराला कडेवर घेऊन दुकानात जाणं, दोन मजले चढून परत उतरणं मिनिटांच्या हिशेबात कुणाच्याच लक्षात राहत नाही. शिवाय माणूस स्वतःबद्दल थोडं चांगलंच सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत 2003-04 मध्ये लोकांच्या कंबरेला यंत्रं बांधली गेली. प्रश्नावल्यांत जवळपास निम्मे प्रौढ पुरेसा व्यायाम करत असल्याचं सांगत. यंत्राच्या मोजणीत असे लोक 5 टक्क्यांहूनही कमी निघाले. या दरीचा सगळा दोष लोकांच्या बढाईला देणं अन्यायाचं होईल. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सलग 10 मिनिटांची हालचालच यंत्राच्या हिशेबात धरली गेली होती आणि आयुष्यातली बहुतेक हालचाल तुकड्यातुकड्यांनी होते. पण आठवण आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पाहणीने दाखवून दिलं.

चुकीच्या मोजणीचा एक परिणाम सहजी लक्षात येत नाही. फडताळात साखरेचे दहा आणि मिठाचे दहा डबे आहेत असं समजा, आणि त्यांतल्या तीन-तीन डब्यांवरच्या चिठ्ठ्या एकमेकांत बदलल्या गेल्या आहेत. आता ‘साखर’ लिहिलेल्या सगळ्या डब्यांतली चिमूटभर एकत्र करून चाखली तर ती थोडी खारट लागेल, ‘मीठ’ लिहिलेली थोडी गोड. दोन पदार्थांतला फरक नाहीसा झालेला नाही, पण चाखणाऱ्याला तो खऱ्यापेक्षा कमी वाटेल. प्रश्नावलीच्या अभ्यासांत नेमकं हेच होत होतं. बसून राहणारे काही लोक ‘सक्रिय’ डब्यात आणि दिवसभर राबणारे काही लोक ‘निष्क्रिय’ डब्यात. त्यामुळे हालचालीचा फायदा खऱ्यापेक्षा लहान दिसत होता.

यंत्रांनी चिठ्ठ्या थोड्याफार दुरुस्त केल्या आणि फरक एकदम ठसठशीत झाला. उल्फ एकेलुंड आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अशा आठ अभ्यासांतल्या 36,383 लोकांची माहिती एकत्र केली. सगळ्यांचे हालचालीप्रमाणे चार समान गट केले. सर्वांत कमी हलणाऱ्या गटाच्या तुलनेत त्याच्या वरच्याच गटात पुढच्या पाचसहा वर्षांतला मृत्यूचा धोका जवळपास निम्मा होता. सर्वांत सक्रिय गटात तो सुमारे 73 टक्क्यांनी कमी होता. म्हणजे पहिल्या पायरीवर जेवढं मिळालं तेवढं पुढच्या दोन पायऱ्या मिळूनही मिळालं नाही. त्यात हलकी हालचालही मोजली गेली होती, जिला व्यायाम म्हणून प्रश्नावलीत कधी जागाच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात सलग 10 मिनिटांची जुनी अट काढून टाकली. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम हवेत, पण ते तुकड्यांनी झाले तरी चालतील, असं आता सांगितलं जातं.

दहा हजार कुठून आले?

घड्याळ संध्याकाळी ज्या आकड्यासाठी माणसाला गॅलरीत येरझारा घालायला लावतं, तो 10,000 चा आकडा कोणत्याही वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीने कंबरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव होतं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, आणि तो टिकला. पुढे तो जगभरच्या घड्याळांत जसाच्या तसा उतरला.

खऱ्या मोजणीतून दिसतं ते वेगळं आहे. आय-मिन ली यांनी 2019 मध्ये सरासरी 72 वर्षांच्या 16,741 अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 च्या आसपास चालणाऱ्यांचा मृत्यूदर 41 टक्क्यांनी कमी होता, आणि साधारण 7,500 नंतर आलेख सपाट होत गेला. अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या 2022 च्या विश्लेषणात साठीच्या पुढच्यांसाठी हा सपाट भाग 6,000 ते 8,000 ला आणि त्याहून तरुणांसाठी 8,000 ते 10,000 ला सुरू होताना दिसला. त्याहून मोठ्या, 2025 च्या आढाव्यात 2,000 पावलांच्या तुलनेत 7,000 पावलांना मृत्यूचा धोका 47 टक्क्यांनी कमी आढळला. दिवसाला तीन हजार पावलं चालणाऱ्या मधुमेही माणसाला ‘दहा हजारांचं जमत नाही, मग कशाला’ असं वाटायला लावणारा आकडा त्याचं नुकसान करतो. त्याच्यासाठी पुढचे दीड हजार सर्वांत किमती आहेत.

पावलांखेरीज जोरही मोजावा लागतो. बायोबँकेतल्या व्यायाम न करणाऱ्या 25,241 लोकांचे हिसके 2022 मध्ये तपासले गेले. दिवसातून तीनेक वेळा, एक-दोन मिनिटं जोराची हालचाल ज्यांच्या नोंदीत होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका 38 ते 40 टक्क्यांनी कमी होता. ही हालचाल म्हणजे सुटत आलेली लोकल गाठायला पुलाचा जिना भराभर चढणं, इतपतच. एवढ्या छोट्या तुकड्याची नोंद कुठल्याही प्रश्नावलीत झाली नसती.

आजारी माणूस कमी चालतो, त्याचं काय?

या सगळ्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप असा: चालणारे जास्त जगतात की जगणारे जास्त चालतात? ज्याच्या हृदयाने आतून कुरकुर सुरू केली आहे तो आपोआप कमी हलतो. मग त्याच्या मृत्यूचं खापर बसण्यावर का फोडायचं? हा आक्षेप नवा नाही. लंडनच्या दुमजली बसमधले चालक दिवसभर बसून असत, तर कंडक्टर तिकिटं फाडत दिवसातून शेकडो पायऱ्या चढत-उतरत. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवलं की कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आणि सौम्य आहे. पण पुढे त्यांनीच कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि 1956 मध्ये लिहिलं की चालकांच्या विजारींचा कंबरघेर नोकरीला लागतानाच जास्त होता. म्हणजे चालकाच्या आसनावर जाऊन बसणारी माणसंच काहीशी वेगळी होती. आपल्याच निष्कर्षाला छेद देऊ शकेल असा पुरावा शोधून छापणारा हा माणूस या शास्त्राचा पाया घालणारा ठरला, याबद्दल मला फार आदर वाटतो.

आजचे संशोधक उत्तर देतात ते असं. आधीच हृदयविकार किंवा कर्करोग असलेल्यांना वगळतात. यंत्र बांधल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतले मृत्यू हिशेबातून काढतात, कारण ती माणसं तेव्हाच आजारी असण्याचा संभव जास्त. धूम्रपान, उत्पन्न, वजन यांचा परिणाम वेगळा करतात. एवढं केल्यावर फायदा लहान होतो, पण नाहीसा होत नाही. दुसरीकडे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगांत व्यायामाने रक्तदाब उतरतो, रक्तातली साखर आटोक्यात येते, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे; म्हणजे कार्यकारणाची मधली कडी माहीत आहे. म्हणून दिशा पक्की आहे असं मी मानतो. ‘47 टक्के’, ‘73 टक्के’ हे आकडे मात्र फायद्याची वरची कड समजावेत.

घड्याळ बांधल्याने माणूस जास्त चालतो का, हा प्रश्न वेगळा. 2022 च्या एका व्यापक आढाव्यानुसार सरासरी दिवसाला 1,800 पावलं वाढतात, वजन सुमारे एक किलो उतरतं. पण 471 तरुणांच्या दोन वर्षांच्या अमेरिकी प्रयोगात यंत्र बांधलेल्या गटाचं वजन 3.5 किलोने आणि स्वतः नोंद ठेवणाऱ्या गटाचं 5.9 किलोने घटलं. वजनावर यंत्राची मात्रा फारशी चालत नाही; चालण्यावर थोडी चालते.

कुणाच्या अंगावरचं माप?

2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत 42 टक्के, स्त्रियांत 57 टक्के. हा आकडा प्रश्नावल्यांचा आहे. त्याआधी, 2017 मध्ये, 111 देशांतल्या सात लाखांहून अधिक लोकांच्या मोबाइलमधल्या पावलांवरून भारताची सरासरी दिवसाला 4,297 निघाली होती. पण मोबाइल खिशात असेल तरच पावलं मोजतो, आणि साडीला खिसा नसतो. फोन फडताळावर चार्जिंगला आणि बाई विहीर ते ओटा ते गोठा अशा फेऱ्यांत, हे दृश्य त्या सरासरीत कुठेच नाही. भारतीय स्त्रिया आळशी आहेत असा निष्कर्ष यांतल्या कुठल्याही आकड्यावरून काढणाऱ्याने आधी मोजपट्टी तपासावी. शहरातल्या बैठ्या नोकरीतल्या स्त्रीला हालचाल कमी पडते हे खरंच आहे, पण ती आणि ऊसतोडणीला जाणारी, दोघी एकाच रकान्यात बसवता येत नाहीत.

‘शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला’ हे उलट टोकही तपासून घ्यावं लागेल. कामावरचे जड श्रम आणि मोकळ्या वेळेतली हालचाल यांचा हृदयावर सारखाच परिणाम होत नाही, असं डेन्मार्कमधल्या संशोधकांना दिसलं आहे. तासन्‌तास ओझं उचलताना रक्तदाब चढलेला राहतो, विसावा आपल्या हातात नसतो. यात गरिबीचा वाटा किती आणि श्रमांचा किती, यावर वाद चालू आहे. तो सोडवायचा तर ओझं मोजता यायला हवं, आणि अ‍ॅक्सेलरोमीटरला ओझं कळतच नाही. डोक्यावर दोन हंडे घेतलेली बाई पाणी हिंदकळू नये म्हणून अंग सावरून, संथ चालते. तिचे हिसके रिकाम्या हाताने फिरायला निघालेल्या माणसापेक्षा कमी भरतात आणि यंत्र तिला कमी श्रमांची ठरवतं. कोकणातल्या भातलावणीत तर कंबरेत वाकलेलं शरीर, चिखलात रुतलेले पाय आणि आवे रोवणारी बोटं. यातल्या कशालाच ट्रेडमिलवरच्या कोष्टकात जागा नाही. तिथे मुखवटा आणि ऑक्सिजनमापक घेऊन बांधावर जावं लागेल, लावणी करणाऱ्या बाईच्या मनगटावर, कंबरेवर आणि मांडीवर एकाच वेळी यंत्रं बांधावी लागतील, आणि तिच्या श्रमांचं कोष्टक तिच्याच अंगावर बसवावं लागेल.